पहिला पाऊस, स्पोर्ट मोड आणि लुकलुकणारा पिवळा दिवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही सहा महिन्यांपूर्वी पुण्यात २०१७ सालची वापरलेली मस्टँग जीटी घेतली. इंजिन पाच लिटरचे व्ही-८, गिअरबॉक्स सहा गिअरचा स्वयंचलित, आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. जूनच्या पहिल्या पावसात स्पोर्ट प्लस मोडमध्ये चौकातून वळून बाहेर पडताना गाडीची मागची बाजू क्षणभर बाहेर गेली, डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला, आणि ॲक्सिलरेटर दाबलेला असूनही इंजिनाने एक-दीड सेकंद काहीच दाद दिली नाही. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड सापडला नाही म्हणून गाडी परत दिली. एका मित्राच्या मते ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकांची घसरण आवरणारी प्रणाली, बंद केली की हा त्रास संपेल. शिवाय सपाट रस्त्यावर ताशी साठच्या वेगाला स्पोर्ट प्लसमध्ये गाडी वरचा गिअर घेतच नाही, तेव्हा गिअरबॉक्स बिघडला आहे का, असेही तुम्ही विचारले आहे.

मी गेली २२ वर्षे ब्रेक आणि स्थैर्य-नियंत्रण प्रणालींच्या कॅलिब्रेशनचे काम करतो. चाक किती घसरू द्यायचे, कोणत्या क्षणी आवरायचे आणि किती जोराने आवरायचे, याचे हजारो आकडे गाडीच्या संगणकात भरणाऱ्या मंडळींपैकी मी एक. त्या अनुभवावरून सांगतो की तुम्ही वर्णन केलेल्या प्रसंगात ना गिअरबॉक्स बिघडलेला दिसतो, ना ट्रॅक्शन कंट्रोल. गाडीने जे करायला हवे तेच केले. कारण शोधायचे असेल तर ते दोन ठिकाणी शोधावे लागेल, मागच्या टायरांत आणि उजव्या पायात. आणि त्या पायाचा गैरसमज स्पोर्ट प्लस मोडने वाढवला. मित्राचा सल्ला मात्र ऐकू नका. का, ते पुढे येईलच.

आधी ॲक्सिलरेटर. जुन्या गाडीत पेडलपासून कार्ब्युरेटरपर्यंत एक केबल असायची. पाय जितका दाबला तितकी झडप उघडायची. आजच्या गाडीत पेडलाखाली फक्त एक सेन्सर असतो. पाय दाबणे म्हणजे संगणकाकडे टॉर्कची, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराची, मागणी नोंदवणे, आणि ती मागणी कशी वाचायची हे मोडवर ठरते. समजा, तुम्ही पेडल एक तृतीयांश दाबले. नॉर्मल मोडमध्ये संगणक त्याचा अर्थ कमाल टॉर्कचा चौथा हिस्सा असा लावत असेल, तर स्पोर्टमध्ये त्याच पायाचा अर्थ निम्मा टॉर्क असा लावू शकतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येक गाडीचे वेगळे असतात, पण दिशा सगळीकडे हीच. पेडल तळाला टेकवले की बहुतेक पेट्रोल गाड्यांत दोन्ही मोडमध्ये इंजिन तेवढेच देते. म्हणून स्पोर्टमध्ये पिकअप वाढल्यासारखा वाटतो हा अनुभव खरा असला तरी इंजिनाची ताकद वाढते ही समजूत चुकीची आहे. ज्या मधल्या टप्प्यात आपण रोज गाडी चालवतो, त्या टप्प्यात पेडल अधिक तापट होते एवढेच. ओल्या वळणावर मात्र एवढेही पुरेसे असते, कारण पायाच्या ज्या हालचालीची सवय तुम्हाला नॉर्मल मोडमध्ये लागली आहे, तीच हालचाल इथे जवळपास दुप्पट मागणी करते.

आता थोडा हिशेब करू, कारण या विषयात हिशेबाशिवाय बोलणे म्हणजे नुसत्या गप्पा. तुमच्या इंजिनाचा कमाल टॉर्क ५१५ न्यूटन-मीटर आहे. सोयीसाठी ५०० धरू. पहिला गिअर आणि मागचा डिफरन्शियल (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा संच) मिळून तो साधारण १४ पटींनी वाढतो, म्हणजे चाकांवर ७,००० न्यूटन-मीटर येतात. चाकाची त्रिज्या सुमारे ०.३४ मीटर, तेव्हा रस्त्यावर ढकलणारे बल २०,००० न्यूटनांच्या आसपास जाते. गाडी तुमच्यासह १,८०० किलो धरली आणि वेग घेताना मागे सरकणारा भार मिळवला, तर मागच्या चाकांवर साधारण ९५० किलो येतात. कोरड्या, चांगल्या डांबरावर घर्षणांक ०.९ ते १ असतो, म्हणजे मागचे दोन टायर मिळून जेमतेम ८,४०० ते ९,३०० न्यूटन पेलू शकतात. ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.५ ते ०.७ असतो, ०.५ धरला तर तोच आकडा ४,७०० न्यूटनांपर्यंत खाली येतो. याचा अर्थ पहिल्या गिअरमध्ये तुमचे इंजिन कोरड्या रस्त्याच्या क्षमतेच्या दुप्पट आणि ओल्या रस्त्याच्या चौपटीहून अधिक बल लावू शकते. दुसऱ्या गिअरमध्येही ते बल ११,००० न्यूटनांच्या पुढे असते. ओल्या रस्त्यावर या गाडीची मागची चाके घसरत फिरवायला पेडल तळाला न्यावेच लागत नाही. पावभर पाय पुरतो.

त्यातच तुम्ही वळत होता. टायरची पकड हा एक पगार समजा. घरभाडे आणि किराणा दोन्ही त्यातूनच भागवायचे; भाडे वाढले की किराण्याला कमी उरणार. वळण घेण्यासाठी लागणारे आडवे बल आणि वेग घेण्यासाठी लागणारे सरळ बल, ही दोन्ही त्याच एका पकडीतून निघतात. गाड्यांच्या अभियांत्रिकीत हे दाखवणारी आकृती श्टुटगार्टचे प्राध्यापक वुनिबाल्ड काम यांच्या नावाने 'कामचे वर्तुळ' म्हणून ओळखली जाते. (मराठी माणसाला हे नाव ऐकून हसू येते, मलाही पहिल्या दिवशी आले होते.) चौकातून बाहेर पडताना तुमची निम्म्याहून अधिक पकड वळणावर आधीच खर्च झालेली होती. पहिल्या पावसाचे पाणी, त्याखाली चार महिन्यांची धूळ, सांडलेले ऑइल आणि झिजलेल्या रबराचा थर, यांमुळे जूनच्या पहिल्या दोन-तीन सरींत रस्ता ऑगस्टमधल्या मुसळधार पावसापेक्षाही अधिक निसरडा असतो. शिल्लक राहिलेल्या तुटपुंज्या रकमेत तुमच्या पायाने स्पोर्ट प्लसच्या भाषेत निम्म्या टॉर्कची उचल मागितली.

मागची बाजू बाहेर गेली ती अशी. आता दिवा लुकलुकला तेव्हा आत काय घडले ते पाहू.

प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. पुढची चाके इंजिनाला जोडलेली नसल्यामुळे ती गाडीचा खरा वेग सांगतात. मागची त्यांच्यापेक्षा किती जास्त फिरतात, यावरून घसरणीचे प्रमाण निघते. थोडी घसरण वाईट नसते, किंबहुना ती लागतेच. कोरड्या डांबरावर टायर सर्वांत जास्त ढकलतो तो साधारण १० ते २० टक्के घसरणीला. त्याच्या पुढे गेल्यावर ढकलण्याची ताकद उतरू लागते आणि आडवी पकड तर झपाट्याने कोसळते. संगणकाने मर्यादा ओलांडलेली पाहिली की तो सर्वांत जलद हत्यार आधी काढतो. ठिणगी उशिरा पाडणे किंवा काही सिलिंडरांचे इंधन तोडणे, हे काही मिलिसेकंदांत साधते. थ्रॉटलची झडप बंद करणे त्यामानाने संथ असते, कारण झडप बंद झाली तरी तिच्यापासून सिलिंडरांपर्यंतच्या नळ्यांतली (मॅनिफोल्डमधली) हवा संपायला वेळ लागतो. एकच चाक फिरत असेल तर त्या चाकाचा ब्रेक लावला जातो, म्हणजे डिफरन्शियलमधून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळते. त्याच वेळी गिअरबॉक्सलाही सूचना जाते की आता गिअर बदलू नकोस, किंवा गरज पडल्यास वरचा घे.

मग इंजिन एक-दीड सेकंद गप्प का राहिले? कारण टॉर्क काढून घेणे जलद करायचे आणि परत देणे सावकाश, असे आम्ही मुद्दामच ठरवतो. लगेच परत दिला तर चाक पुन्हा फिरते, पुन्हा काढावा लागतो आणि गाडी उचक्या लागल्यासारखी धक्के खात पुढे जाते. तुमच्या बाबतीत गाडी वळणात होती आणि मागची बाजू बाहेर गेलेली होती, तेव्हा नुसते ट्रॅक्शन कंट्रोल नव्हे तर स्थैर्य-नियंत्रणही, म्हणजे गाडीला भरकटू न देणारी प्रणालीही, जागे झाले होते. स्टिअरिंग किती वळवले आहे, गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरते आहे आणि आडवे त्वरण किती आहे, हे तिन्ही सेन्सर जुळेपर्यंत ते टॉर्क परत देत नाही. मागची बाजू बाहेर जात असेल तर ते बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाचा ब्रेक हलकेच लावते. गाडी वळायला नकार देत सरळ जात असेल तर आतल्या मागच्या चाकाचा. तुम्ही पाय दाबूनच ठेवला होता, त्यामुळे संगणकाच्या दृष्टीने धोका टळलेला नव्हता. पाय अर्ध्याने उचलला असतात तर इंजिन बहुधा लवकर परतले असते. मला स्वतःला त्या काळातल्या अनेक गाड्यांचे हे परत देणे जरा जास्तच संथ वाटते. अलीकडच्या गाड्यांत ते बरेच सुधारले आहे. पण संथपणा हा दोष नव्हे, ती त्या वेळी केलेली निवड आहे.

स्कॅनरवर कोड का दिसला नाही, हेही यातूनच कळते. लुकलुकणारा दिवा म्हणजे प्रणाली काम करते आहे, आणि काम केल्याबद्दल कोणी तक्रार नोंदवत नाही. दिवा सतत पेटून राहिला तर प्रणाली बंद केलेली आहे किंवा बिघडलेली आहे. त्याच्या जोडीला एबीएसचाही (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या प्रणालीचा) दिवा पेटला असेल तर चाकाजवळचा एखादा सेन्सर, त्याची वायर किंवा कमजोर बॅटरी यांवर संशय घ्यावा.

गिअरबॉक्सची तुमची दुसरी शंका याहून सोपी आहे. तुमचा गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा आहे. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेले, एकमेकांसमोर ठेवलेल्या पंख्यांचे यंत्र असते, आणि वेग स्थिर झाला की आतला क्लच ते जोडून टाकतो. कोणता गिअर कधी घ्यायचा, हे एका नकाशावर ठरते. त्या नकाशाच्या एका बाजूला गाडीचा वेग, दुसऱ्या बाजूला पेडलची स्थिती, आणि मध्ये गिअर चढवण्याच्या व उतरवण्याच्या रेषा. नॉर्मल मोडमध्ये या रेषा इंधन वाचवण्यासाठी खाली ओढलेल्या असतात, म्हणून साठच्या वेगाला गाडी आरामात पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये जाऊन बसते. स्पोर्टमध्ये त्या वर सरकवलेल्या असतात. चालकाला कोणत्याही क्षणी वेग हवा असेल असे गृहीत धरून गाडी खालचा गिअर धरून ठेवते, आणि तुम्ही पाय एकदम उचललात तर 'हा पुढच्या वळणासाठी उचलला आहे' असे समजून मुद्दाम वरचा गिअर घेत नाही. वळणात आडवे त्वरण जाणवले तरीही बहुतेक गाड्या गिअर बदलणे टाळतात, कारण वळणाच्या मध्यावर टॉर्कचा धक्का बसला तर मागचे टायर पुन्हा पगाराबाहेर खर्च करतात. तेव्हा साठला तिसरा-चौथा गिअर धरून बसणे हा दोष नाही. इंजिन किंवा गिअरबॉक्स त्याने झिजून जातील अशी भीती बाळगू नका. पेट्रोल जास्त जाईल, तेल थोडे जास्त तापेल आणि शहरात मान पुढे-मागे होईल इतकेच. सिंहगड रस्त्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीत स्पोर्ट प्लस लावून कोणी काय मिळवतो, हे मला आजवर समजलेले नाही.

इथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, आणि तुमच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ती चौकातल्या प्रसंगापेक्षा जास्त महत्त्वाची ठरू शकते. चाक फक्त वेग घेतानाच घसरते असे नाही. स्पोर्ट मोडमध्ये घाट उतरताना तुम्ही पाय उचलला किंवा स्टिअरिंगमागचा गिअर बदलण्याचा पॅडल ओढून खालचा गिअर टाकला, की इंजिनाचे गाडीला मागे खेचणारे सगळे ओढणे मागच्या दोन चाकांवर येते. ताम्हिणीत जुलै महिन्यात झाडांखालच्या वळणावर शेवाळ आणि चिखलाची चिकचिक असताना एवढे ओढणेही मागच्या चाकांना गाडीच्या वेगापेक्षा हळू फिरवायला पुरते. जणू कोणी हँडब्रेक अर्धा ओढला आहे. यावर उपाय म्हणून गिअरबॉक्स खालचा गिअर टाकताना इंजिनाला स्वतःच रेस देऊन दोन्हींचे वेग जुळवतो. त्यापलीकडे बहुतेक आधुनिक गाड्यांत इंजिनाच्या ओढीवर लक्ष ठेवणारी एक वेगळी सोय असते. मागची चाके मागे पडत आहेत असे दिसताच ती थ्रॉटल किंचित उघडून ओढ कमी करते. म्हणजे पाय उचललेला असताना गाडी क्षणभर स्वतःहून पुढे रेटल्यासारखी वाटते. असा अनुभव आला तर घाबरून जोरात ब्रेक मारू नका. गाडी मागची बाजू सांभाळते आहे. आणि मुळात अशा उतारावर स्पोर्ट मोडमध्ये असण्याचे कारणच नाही.

प्रत्येक गाडीत मोडचे वागणे थोडे वेगळे, म्हणून एका गाडीवरचा सल्ला दुसरीला तसाच लावता येत नाही. पोर्शे ९११ मध्ये २००८ सालापासून दोन क्लचचा पीडीके गिअरबॉक्स आहे. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवायचा, ही कल्पना त्यांनी १९८० च्या दशकात ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांवर घासूनपुसून घेतली. तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे निघताना त्या चाकांवर भरपूर वजन असते, आणि तुमच्या गाडीला जे वळणातून निघताना जड जाते ते तिला सोपे जाते. २०१९ च्या ९११ मध्ये ओल्या रस्त्याचा खास मोड आला. पुढच्या चाकांच्या कमानीत बसवलेले ध्वनी-सेन्सर उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून रस्ता किती ओला आहे ते ओळखतात आणि चालकाला मोड बदलायला सुचवतात. बदलायचा की नाही ते मात्र चालकावरच सोडले आहे, आणि मला ही मांडणी आवडते. बीएमडब्ल्यूची एम३४०आय आपल्याकडे चेन्नईत जुळवली जाते. तिचा झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा गिअरबॉक्स तुमच्यासारखाच टॉर्क कन्व्हर्टरचा आहे, पण चारही चाकांना चालना असल्यामुळे तीच चूक तिथे बऱ्याचदा कळतही नाही. चारही चाकांची चालना वेग घ्यायला मदत करते, वळायला किंवा थांबायला नाही, हे तिच्या मालकांनीही लक्षात ठेवावे. २०२१ च्या एम३ आणि एम४ मध्ये तर घसरणीची मर्यादा दहा पायऱ्यांत निवडता येते. फेरारीने २००४ च्या एफ४३० मध्ये स्टिअरिंगवर 'मानेत्तीनो' नावाचा छोटा फिरता स्विच दिला, तेव्हापासून मोड निवडणे ही मिरवण्याची गोष्टही झाली. तुमच्या मस्टँगमध्ये नॉर्मल, स्पोर्ट प्लस, ट्रॅक आणि स्नो/वेट असे चार मोड आहेत. यातला शेवटचा 'आपल्याकडे बर्फ कुठे' म्हणून लोक कधीच लावत नाहीत. नावात अर्धा भाग पावसाचा आहे. पुण्यात जून ते सप्टेंबर हाच मोड तुमच्या कामाचा आहे. त्यात पेडल सौम्य होते आणि गिअर लवकर चढतात. वरच्या हिशेबातले २०,००० न्यूटन चुकून मागितले जाण्याची शक्यता कमी होते.

एक साधा प्रयोग मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी करायला लावतो. उत्तर स्वीडनमध्ये आर्येप्लोग नावाचे एक छोटे गाव आहे. हिवाळ्यात जगभरच्या गाडी आणि ब्रेक कंपन्यांचे लोक तिथे गोठलेल्या तलावांवर चाचण्या करतात. बर्फ झाडून, घासून आरशासारखा केलेला असतो, आणि एका ठिकाणी असा चढ असतो की ज्याचा अर्धा भाग गरम केलेले कोरडे डांबर आणि अर्धा भाग निव्वळ बर्फ. बर्फाचा घर्षणांक ०.१ च्या आसपास असल्यामुळे कोरड्या रस्त्यावर पापणी लवायच्या आत घडणारी गोष्ट तिथे तीन-चार सेकंद पसरून दिसते. सहकाऱ्याला मी सांगतो, की मोड स्पोर्टमध्ये ठेव, सगळ्या प्रणाली चालू ठेव आणि तलावावरचे एक वळण शक्य तितक्या लवकर पूर्ण कर. तो पाय दाबतो, दिवा अखंड लुकलुकतो, इंजिन गुदमरते, गाडी रडतखडत वळण पूर्ण करते. मग तोच माणूस, तीच गाडी, तोच बर्फ, पण मोड सौम्य आणि पाय इतका हलका की दिवा लागता कामा नये. दुसऱ्या फेरीत वेळ कमी लागतो, आणि अपवाद मला आठवत नाही. प्रणालीने टॉर्क काढून घेतला की तो परत यायला वेळ जातो. मुळात मागितलाच नाही तर काढून घ्यावा लागत नाही. मित्राचा 'बंद केले की गाडी मोकळी पळते' हा अनुभव याच गोष्टीतून आलेला असावा. इंजिन गुदमरणे थांबते हे खरे, पण ते चाकाच्या घसरणीवरचा पहाराच उठवून.

ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण बंद करण्याचे माझ्या मते दोनच प्रसंग आहेत. पहिला, चिखलात किंवा वाळूत चाक रुतले असता. तिथे चाक जरा जास्त फिरून वरचा मऊ थर बाजूला सारणे गरजेचे असते आणि प्रणाली नेमके तेच होऊ देत नाही. बाहेर पडलात की लगेच चालू करा. दुसरा प्रसंग बंदिस्त ट्रॅकवरचा, तोही शिकल्यानंतरचा. बटण थोडक्यात दाबल्यास फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जाते की स्थैर्य-नियंत्रणही, आणि जास्त वेळ दाबल्यास काय होते, हे गाडीगणिक बदलते. मालकाच्या पुस्तिकेतले ते पान एकदा शांतपणे वाचा. बंद केले तरी एबीएस चालूच राहते, आणि बहुतेक गाड्यांत इंजिन बंद करून पुन्हा चालू केले की सगळे आपोआप पूर्ववत होते. पूर्ण चालू आणि पूर्ण बंद यांच्यामध्ये अनेक स्पोर्ट्स गाड्यांत एक मधला टप्पा असतो. त्यात घसरणीची मर्यादा वाढवलेली असते, पण गाडी हाताबाहेर जाऊ लागली तर प्रणाली हस्तक्षेप करते. शिकायचे असेल तर तोच टप्पा वापरा, आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइंबतूरच्या करी स्पीडवेसारख्या ठिकाणी वापरा. तिथून परतल्यावर मागचे ब्रेक पॅड पाहायला विसरू नका. ब्रेक लावून चाक आवरण्याचे काम ट्रॅकवर दिवसभर चालले तर मागचे पॅड पुढच्यांच्याही आधी संपलेले मी अनेकदा पाहिले आहेत. डिस्क जास्त तापल्या असा अंदाज आला तर संगणक ती मदत काही काळ थांबवतोही, आणि गाडी अचानक वेगळी वागू लागल्यासारखी वाटते.

एका परिस्थितीत मात्र यातले काहीच कामाला येत नाही. एक्सप्रेसवेवर साचलेल्या पाण्यावरून टायर तरंगू लागला की रस्त्याशी संपर्कच उरत नाही, आणि शून्य पकडीचे वाटप कोणताही संगणक करू शकत नाही. तिथे फक्त वेग आणि टायरच्या खाचा यांचाच हिशेब चालतो. कायद्याने किमान खोली १.६ मिलिमीटर चालते, पण या रुंदीच्या टायरांना मी ३ मिलिमीटरच्या खाली पावसाळ्यात वापरणार नाही.

म्हणून आता गाडीकडे जा आणि मागच्या टायरांच्या बाजूवर DOT ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१८ असेल तर टायर २०१८ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. हौसेच्या गाड्या कमी फिरतात, त्यामुळे खाचा शाबूत दिसतात आणि मालक निर्धास्त राहतो. पण रबर वर्षांनी कडक होते, किलोमीटरांनी नाही. तुमच्या गाडीवर मूळचेच टायर असतील, तर चौकातल्या प्रसंगाचे निम्मे उत्तर तिथेच मिळेल. बदलायचे ठरवलेत तर चारही एकाच कंपनीचे, गाडीच्या कंपनीने ठरवलेल्या मापाचेच घ्या. मागे भलत्याच व्यासाचे टायर बसवले तर चाकांच्या वेगांची तुलनाच चुकते आणि प्रणाली विनाकारण जागी होते किंवा गरज असताना उशिरा. अलाइनमेंट करून घेताना स्टिअरिंगच्या सेन्सरचा शून्य पुन्हा नोंदवायला सांगा. तो राहून गेला तर सरळ रस्त्यावरही गाडीला वाटते की तुम्ही वळत आहात. आणि नवे टायर बसल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर पाय जपून ठेवा, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला गुळगुळीत थर तेवढे अंतर तरी टिकतो.